लवट्यांची कंदुरी

कंदुरी रविवारवर येऊन ठेपली होती आणि लवट्यांच्या घरात अजून खोबरं भाजलं गेलं नव्हतं. दरवर्षी या दिवसांत शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात शिरलं की मसाल्याच्या धुरानं डोळे चुरचुरायचे, आणि येणारेजाणारे दारातून डोकावून विचारायचे, "बोकड ठरला का?" यंदा सुकन्यानं मिरच्या निवडून सुपात काढल्या होत्या, पण सूप कोपऱ्यात तसंच पडून होतं. कंदुरी करायची की नाही, आणि केली तर ती कुणाच्या हातून, हेच ठरत नव्हतं.

ते ठरवायला बुधवारी संध्याकाळी सगळे खाली दुकानात बसले. शटर अर्धं ओढलेलं. घोंगड्यांच्या थप्पीला टेकून बापूसाहेब, त्यांच्यासमोर धाकटे भाऊ अजिनाथ, दाराशी दोघांची आई राजाबाई. अजिनाथची बायको सुकन्या आणि मुलगी ऋतुजा जिन्याच्या पायरीवर. पायरीवरून कुणाचा चेहरा सरळ दिसत नव्हता, आणि ऋतुजाला तेच बरं वाटत होतं. कारण हा सगळा घोळ तिच्या लेखानं केला होता.

ऋतुजा कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत जेवणाविषयी लेख मागवले होते. तिनं घरच्या कंदुरीवर लिहून पाठवलं. लहानपणापासून आज्जीकडून ऐकलेलं सगळं त्यात होतं. बहात्तरच्या दुष्काळात येडू लवटे आणि राजाबाई माळशिरसकडून मेंढरं हाकत सोलापूरपर्यंत आले. शहराबाहेर चिंचेच्या पिराशी मुक्काम पडला आणि तिथंच, चिंचेखाली, राजाबाई बाळंत झाली. पोटात अन्न नव्हतं, छातीला दूध नव्हतं. पिराची दिवाबत्ती करणाऱ्या मुलाण्याच्या घरात चांदबी होती, तिची पोरगी अंगावर पीत होती. चांदबीनं दुसऱ्या बाजूला लवट्याचं पोर घेतलं. ते पोर जगलं. तेच बापूसाहेब. मग येडूनं नवस बोलला, की दरसाल पिराला बोकड देईन, मुलाण्याच्या हातानं कापीन, मुलाण्याच्या भांड्यात शिजवीन आणि दोन्ही घरं एका पंगतीला बसतील. येडू गेला, चांदबी गेली, पण पंगत मोडली नव्हती. चांदबीचा मुलगा नबीलाल बोकड कापायचा, रस्सा करायचा. त्याची बायको जाहिदा मलिदा करायची. भाकरी लवट्यांच्या बायका थापून न्यायच्या. सगळी भावकी चिंचेखाली मांडी घालून बसायची आणि रश्शाला दुसऱ्यांदा वाटी पुढे करायची.

लेख छापून आला तेव्हा सुकन्यानं बोळात सगळ्यांना दाखवला होता. कॉलेजातल्या मुलींनी फळ्यावर अभिनंदन लिहिलं होतं. आठवडा नीट गेला नाही, तोच कुणीतरी त्यातला दुधाचा मजकूर कापला, त्यावर बापूसाहेबांचा फोटो चिकटवला, खाली लिहिलं, 'मुलाण्याच्या दुधाचा उमेदवार', आणि दिलं पाठवून. बापूसाहेब महापालिकेला उभे राहणार होते. संध्याकाळपर्यंत ते चित्र पेठेतल्या प्रत्येक फोनवर होतं.

"मोहोळच्या मामांचा फोन होता," बापूसाहेब म्हणाले. "येणार नाहीत. भावकीतले अण्णाही नाही म्हणाले. सगळ्यांचं एकच. कंदुरी करा, पण मुलाण्याच्या हातचं आम्ही खाणार नाही."

"मग आजवर काय खाल्लं त्येंनी?" राजाबाई म्हणाली.

"आजवर खाल्लं ते कुणी बघत नव्हतं, आई. आता सगळ्यांनी वाचलंय."

अजिनाथ घोंगडीच्या काठाचा दोरा ओढत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "दादा, यंदा राहू द्यायची का? निवडणूक झाल्यावर बघू की."

"राहू दिली तर म्हणतील घाबरला. आणि नवस हाय तो, अजिनाथ. माझ्या जिवाचा नवस हाय, मोडायचा म्हटलं तर मला झोप लागायची नाही." बापूसाहेबांनी कपाळ चोळलं. "मी केटररशी बोललोय. आपल्यातलाच माणूस हाय. बोकड तोच आणेल, तोच कापेल, तोच शिजवेल. भांडीसुद्धा त्याचीच."

"आन् पिरापुढं फात्या कोन दील?"

"नारळ फोडू."

"पिराला नारळ फोडशील," राजाबाई सावकाश म्हणाली. "मग ती कंदुरी न्हाय, बाबा. ते नुसतं मटणाचं जेवान झालं. त्याला चिंचंखाली कशाला जायाचं? हाटिलात घाल की."

बापूसाहेबांनी जिन्याकडे मान वळवली.

"ऋतू, तुला आणखी एक लेख लिहायचाय. आधीचं ते ललित होतं म्हणून लिही. त्यात कल्पना होती. लेखक लोक करतातच की असं. आता खरं काय ते लिहिते म्हणायचं, आणि कंदुरी आपल्या घरच्या बायका करतात असं लिहायचं. ते दुधाचं काढून टाकायचं."

"तात्या, ती कल्पना नव्हती."

"मला सांगतीस?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "चांदबीच्या जनाज्याला मी खांदा दिलाय. तू होतीस की तिथं. काय खरं आणि काय खोटं, हे मला कळत नाही का? पण खरं घरात ठेवायचं असतं. तू ते चौकात नेऊन ठेवलंस."

ऋतुजा होती तिथं. कबरस्तानातून परत आल्यावर तात्या याच दुकानात, याच थप्पीला टेकून बसले होते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. तिला तेच आठवत होतं, आणि म्हणून त्यांचा राग करणंही जमत नव्हतं.

"बापू," राजाबाई म्हणाली, "तिचं दूद प्यालास, त्याची लाज वाटती का रं तुला?"

बाहेरून रिक्षा गेली, शटर थरथरलं.

"लाज नाही वाटत, आई," बापूसाहेब म्हणाले. "भीती वाटते."

ऋतुजानं आईकडे पाहिलं. लेख घरोघर दाखवत फिरलेली आई आता काहीतरी बोलेल असं तिला वाटत होतं. सुकन्या बोलली, पण नजर पायरीवर ठेवून. "लिही बाई. माझ्या माहेरी करमाळ्यापर्यंत पोचलंय ते चित्र. भाऊ विचारत होता, तुमच्याकडं नक्की चाललंय काय म्हणून. दोन पानं लिहिल्यानं मिटत असेल तर मिटव."

"आप्पा?" ऋतुजानं वडिलांना विचारलं.

अजिनाथनी दोरा तोडला. "दादा म्हणतात ते विचार करूनच म्हणत असतील."

राहिली आज्जी. पण राजाबाई भिंतीला हात लावत उठली होती. "माजं हितं काय काम न्हाय," म्हणत ती जिन्याकडे आली, तेव्हा दोघींना सरकून तिला वाट द्यावी लागली.

"मी आधी नबीलालकाकांना भेटते," ऋतुजा म्हणाली. "ते म्हणाले तर लिहीन."

ते नाही म्हणतील याची तिला खात्री होती. त्यांच्या 'नाही'मागे आपल्याला उभं राहता येईल, एवढाच तिचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळचे तास आटपून ती गेली. नबीलालचं घर पेठेपासून फार लांब नव्हतं. पुढे मटणाचं दुकान, मागे दोन खोल्या. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला दुकानाची फळी खाली होती आणि आकडे रिकामे लोंबत होते. नबीलालचा मुलगा तौहीद ओट्यावर पाणी मारत होता, पण ओटा आधीच स्वच्छ होता.

"या ताई," तो म्हणाला. नेहमी तो तिला नुसतं ऋतू म्हणायचा.

आत नबीलाल खाटेवर बसला होता. साठीचा माणूस, रुंद हातांचा. ऋतुजाला पाहून त्यानं सवयीनं शेजारची जागा झटकली. जाहिदानं चहा ठेवला. कुशल विचारून झालं, राजाबाईचे गुडघे विचारून झाले, आणि मग विचारायला काही उरलं नाही.

"काका, माझं चुकलं," ऋतुजा म्हणाली.

"काय चुकलं? खोटं काय लिवलंस त्यात? माज्या आईचं नाव पेपरात आलं. आमच्या घरात कुनाचं आलंय का आजवर?" नबीलाल हसला, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही. "तौहीदनं वाचून दाखिवलं, तवा मी रडलो, पोरी. आई म्होरं बसल्यागत झाली."

तौहीद दारात येऊन उभा राहिला होता. "अब्बा रडले ते खरं," तो म्हणाला. "पण पुढचं पण सांगा ना त्यांना. ते चित्र फिरलं आणि पोरं आली मोटरसायकलवर. बोलली काही नाहीत. दुकानाचा फोटो काढला, माझा काढला, गेली. गिऱ्हाईक सगळं ओळखीचं आमचं. आता तीच माणसं वाट बदलून जातात. कुणी भांडत नाही, ताई. भांडलं असतं तर बोलता तरी आलं असतं."

"तौहीद, चहा घे," नबीलाल म्हणाला.

"नको मला चहा. लेख लिहून यांचं नाव झालं. आमचं काय झालं ते यांना कळू दे."

तो पुन्हा बाहेर गेला. बादलीचा आवाज आला. ऋतुजा कपाकडे बघत राहिली. शेवटी तिनं तात्यांचं म्हणणं सांगितलं, केटररचं आणि दुसऱ्या लेखाचंही, आणि घाईघाईनं पुढं म्हणाली, "पण तुम्ही नाही म्हणा, काका. तुम्ही नाही म्हणालात तर मी लिहिणार नाही. आज्जी तुमच्या बाजूनं आहे."

नबीलालनं आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. "बापूसायबाला सांग, नबीलालच येत न्हाय म्हनला. कंबर धरलीया म्हनावं, मोठं भांडं उचलत न्हाय. त्यानं आमाला सोडलं असं कुनी म्हनायला नगं. लहानपनी एका ताटात जेवलोय आमी. त्याला मी वळखतो. तो मनात कुढत असंल."

"असं कसं म्हणता काका?"

"हमारा नाम निकाल डाल उसमें से, बेटी," जाहिदा म्हणाली.

ऋतुजानं चमकून वर पाहिलं. जाहिदाकाकी तिच्याशी आयुष्यभर मराठीच बोलत आली होती. परकर शिवायला मापं घेताना, मलिद्याची परात पुढे करताना, रागावतानासुद्धा. आज पहिल्यांदाच ती दुसऱ्या कुणाशी बोलावं तशी बोलली होती.

"काकी, तुमचं नाव काढलं तर त्यात उरतं काय?"

जाहिदानं पदर सारखा केला. "आमी उरतो की," ती मराठीत म्हणाली.

ऋतुजानं कप खाली ठेवला. नबीलाल तिला सोडायला दुकानापर्यंत आला. "चांगलं लिव," तो म्हणाला, जसा परीक्षेला जाताना म्हणायचा तसा.

शुक्रवारी दुपारी ऋतुजा वरच्या खोलीत दार लावून बसली. तिला वाटलं होतं हात चालणार नाही. शब्द सुचले नाहीत तर तात्यांना तसं सांगता येईल. पण शब्द सुचले, आणि पहिल्या लेखापेक्षा लवकर सुचले. चिंच तीच होती, दुष्काळ तोच होता, मेंढरांच्या पायांची धूळ तीच होती. फक्त चांदबीच्या जागी तिनं राजाबाईची माया ठेवली आणि लिहिलं, की उपाशी आईनं पोर उराशी धरलं तेव्हा तिच्या कोरड्या छातीला पाझर फुटला. नबीलालच्या जागी तिनं आपल्या आईला चुलीपुढे बसवलं. सुकन्याच्या बांगड्या, तिच्या कपाळावरचा घाम, पळीनं रस्सा ढवळणारा तिचा हात, सगळं जागच्या जागी बसलं. मलिदा तेवढा तिला दुसऱ्या कुणाच्या हाती देता येईना. म्हणून तिनं तो लिहिलाच नाही.

सुकन्यानं वाचलं. वाचताना तिचे डोळे भरून आले, आणि मग तिला ते स्वतःलाच चमत्कारिक वाटलं असावं. "किती छान लिहिलंस गं," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "मी तिथं कधी रस्सा केलाच नाही. मी तर भाकरीची दुरडी घेऊन जात होते फक्त. पण हे वाचताना मला वाटायला लागलं, केला होता की काय."

ऋतुजानं फोन आईच्या हातातून काढून घेतला आणि लेख तात्यांना पाठवून दिला. थोड्याच वेळात त्यांचं उत्तर आलं. हात जोडलेले, आणि खाली, 'पोरी, वाचवलंस.'

पेपरात तात्यांनी शब्द टाकून ठेवला होता. रविवारी सकाळी लेख छापून आला आणि रविवारी दुपारी कंदुरी झाली. राजाबाई आली नाही. सकाळी सगळे तयार होऊन खाली उतरले, तेव्हा ती देव्हाऱ्यापुढे जपमाळ घेऊन बसलेली होती. तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

बाकी कुणी यायचं राहिलं नाही. मोहोळचे मामा आले, अण्णा आले. ज्यांनी फोन उचलणं बंद केलं होतं ते बायकापोरांना घेऊन आले. कधी न येणारी पेठेतली मंडळी पांढऱ्या गाड्यांतून उतरली. चिंचेखाली कापडी मांडव घातला होता, टेबलं लावली होती. केटररची माणसं लाल टोप्या घालून स्टीलच्या डेगीतून वाढत होती. बोकड कुठं कापला, कुणी कापला, हे कुणी पाहिलं नव्हतं. मटण शिजूनच आलं होतं. पिराला हार घातला, नारळ फोडला, बापूसाहेबांनी डोकं टेकलं. ते किती वेळ टेकून राहिले हे फक्त ऋतुजाच्या लक्षात आलं, कारण बाकीच्यांचं लक्ष जेवणाकडे लागलं होतं.

पंगती बसायच्या आधी बापूसाहेबांनी माईक हातात घेतला. लेख वाचायला सुरुवात त्यांनी स्वतः केली, पण पहिल्या परिच्छेदातच त्यांचा आवाज फाटला. त्यांनी पेपर अजिनाथकडे दिला. अजिनाथनी सगळा लेख वाचला. पाझर फुटला तिथं पुढं बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. शेवटी टाळ्या पडल्या. मामांनी उठून ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला. "लवट्यांच्या घरात सरस्वती हाय," ते म्हणाले. "आधीचं वाचून आमाला काय काय वाटलं व्हतं, बघ. हे किती सोज्वळ लिवलंयस."

मग लोक जेवले, आणि भरपेट जेवले. रस्सा तिखट होता, वर तेलाचा तवंग होता, लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसा. "यंदा जेवण नंबरी," असं म्हणत माणसं हात धुवायला उठत होती. ऋतुजा पाण्याचा जग घेऊन रांगेतून फिरत होती. कुणीतरी विचारेल, नबीलाल दिसत नाही का, जाहिदा कुठं आहे, म्हणून ती प्रत्येकापुढे जरा जास्त थांबत होती. कंबर धरल्याचं कारण तिनं तयार ठेवलं होतं. ते सांगायची वेळच आली नाही. दरवर्षी नबीलालच्या हातून हक्कानं नळी मागून घेणारे अण्णासुद्धा शांतपणे जेवून, पान लावून, निघून गेले.

बापूसाहेब सगळ्यात शेवटी बसले. समोर ताट आलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"मलिदा कुठाय?"

अजिनाथनी केटररकडे पाहिलं, केटररनं आपल्या माणसांकडे. "मलिद्याचं बोलणं झालं नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "गुलाबजाम आहेत. आणू?"

पिराला दाखवायलाही मलिदा नव्हता हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. सुकन्या म्हणाली, "दरवर्षी ती आणायची ना. मला वाटलं..." बापूसाहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि तोंडात घातला. ते चावत राहिले. खाली मान घालून त्यांनी ताट संपवलं. काहीही टाकलं नाही. गुलाबजामसुद्धा खाल्ला.

सोमवारी सकाळी ऋतुजा उठली तेव्हा घरात गुळाचा वास होता. राजाबाईनं एकटीनंच कणीक मळली होती, जाड पोळ्या भाजल्या होत्या आणि ती परातीत पोळ्या कुस्करत बसली होती. गूळ किसून तयार होता, तुपाची वाटी शेजारी होती. सुकन्या मदतीला वाकली, तर तिनं मनगटानं तिला बाजूला केलं.

"मला नबीलालकडं घिऊन चल," डबा भरून झाल्यावर ती ऋतुजाला म्हणाली. "पिराचं ऱ्हायलंय ते त्येच्या दारात ठिवून येऊ."

स्कूटरवर मागे बसून, एका हातानं नातीचा खांदा धरून आणि दुसऱ्या हातानं डबा पोटाशी धरून ती बाजारातून गेली. नबीलालच्या दुकानाला कुलूप होतं. मागच्या दाराला बोळातून वाट होती, तिथंही कुलूप होतं. दारातला पाण्याचा पिंप आडवा करून ठेवला होता.

राजाबाईनं कडी वाजवली. कुलूप दिसत असूनही दोनतीनदा वाजवली. पलीकडच्या दारातून चंद्रव्वा बाहेर आली, शेजारची म्हातारी. ती राजाबाईला ओळखत होती.

"यव्वा, ते नाईत की," ती म्हणाली. "शनवारी पहाटं गेले. करमाळ्याला, लेकीकडं. टेंपो आणलावता."

"कवा येनार?"

"टेंपो आणल्यावर कवा येत्यात माणसं?" चंद्रव्वानं हात हलवला. "दुकान सोडलं म्हणून सांगिटलं तौहीदनं. जाहिदा रडली, मी बी रडले. हितं कुणी त्येंना काय केलं नाई हां, यव्वा. कुणी हात लावला नाई. पर गेले."

म्हणजे रविवारी माईकवर लेख वाचला जात होता, तेव्हा घर रिकामं होतं. नाव काढून लिहायला ज्या काकाकाकींनी सांगितलं होतं त्यांना ते छापलेलं बघायचंही नव्हतं. उरण्यासाठी नाव काढायला सांगितलं, आणि नाव निघेपर्यंतही त्यांनी वाट पाहिली नाही. ऋतुजानं कुलपाला हात लावला. कुलूप नवं होतं.

राजाबाई उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर बसली. डबा मांडीवर घेतला.

"काल काय वाचलं म्हनत्यात तुजं? समदी रडली म्हनं."

"काही नाही, आज्जी. चल घरी."

"वाच."

"इथं नको."

"हितंच वाच. मला वाचाया येत असतं तर तुला कशाला म्हनले असते?"

ऋतुजानं फोन काढला. उभ्यानंच, हळू आवाजात वाचायला लागली. चंद्रव्वा दाराला टेकून ऐकत होती. दुष्काळ आला, मेंढरं आली, चिंच आली. राजाबाई मान हलवत होती. तिला ते ओळखीचं वाटत होतं. मग पाझर फुटला, आणि तिची मान थांबली. ऋतुजानं पुढचं भराभरा वाचून संपवलं.

"लई ग्वाड लिवलंयस," राजाबाई म्हणाली.

ऋतुजानं फोन बंद केला.

"चांदबी कुटं हाय त्यात?"

"नाही, आज्जी."

"न्हाय." राजाबाईनं डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. "मला आलंच नव्हतं गं दूद. थेंब न्हाई. तुज्या आज्ज्यानं मला मारलं त्यापायी. पोराला उपाशी मारतीस म्हनला. मी पोर चिंचंच्या बुडाला ठिवलं आन् उठून चालाया लागले, मागं वळून बगायचं न्हाई असं ठरवून. चांदबीनं त्येला उचललं आन् मला हाक मारली. तिनं हाक मारली म्हनून मी फिरले. न्हाईतर मी काय त्येची आई ऱ्हायले नसते."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ऋतुजा तिच्याजवळ फरशीवर बसली. तिला आज्जीचा हात धरायचा होता, पण राजाबाईचे दोन्ही हात डब्यावर होते.

"आज्जी, मी परत लिहीन," ती म्हणाली. "सगळं खरं लिहीन. हेसुद्धा."

"नगं."

"कुणी काही म्हणू दे. मी छापून आणीन."

"नगं म्हनले ना." राजाबाईच्या आवाजात राग नव्हता. "खरं लिवलंस तवा त्येंचं दुकान गेलं. खोटं लिवलंस तवा चांदबी गेली. आता काय घालवायचंय? मी मेल्यावर बी माजं लिवू नगंस. तुमी सगळी म्हना, म्हातारीला दूद आलं व्हतं. बापूला बी तसंच बरं पडंल."

तिनं डब्याचं झाकण काढलं. मलिदा अजून कोमट होता. एक घास तिनं चंद्रव्वाच्या हातावर ठेवला, एक ऋतुजाच्या.

"खा. घरी न्यायचा न्हाई ह्यो."

ऋतुजानं घास तोंडात घातला. राजाबाईनं स्वतः काही घेतलं नाही. ती बंद दाराला पाठ लावून बसून राहिली आणि डबा रिकामा होईपर्यंत बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून, कुणाचं नाव न विचारता, हातावर घास ठेवत राहिली.